पालवीचं वय

एप्रिलच्या तीन तारखेला, सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी, नागपूरच्या ज्वालामुखी निरीक्षण कक्षात प्रयोगशाळेचा निकाल आला. नारकोंडम बेटावरून आणलेल्या एका कोवळ्या पानाचं वय अकराशे ऐंशी वर्षं भरलं होतं.

पान यंदाच्या फेब्रुवारीत फुटलेलं होतं. केतकी रेडीजला हे पक्कं ठाऊक होतं, कारण ते तिच्या आईने स्वतःच्या हाताने खुडलं होतं आणि पाकिटावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : 'ढोली क्रमांक पाच. अगदी नवी पालवी. खाऊन बघितली, तुरट.'

केतकीने नमुन्याचा क्रमांक ताडून पाहिला. चूक निघाली तर बरं, असं वाटण्याइतका वेळ तिने स्वतःला दिला. चूक नव्हती.

कक्षाचे प्रमुख हेमराज बोरकुटे तर्रीपोह्यांचा पुडा घेऊन आत आले आणि तिच्या पडद्यासमोर येऊन थांबले.

"बाकीचे नमुने?" त्यांनी विचारलं.

"बेटावरच्या घळीतले बाकीचे तिन्ही हजाराच्या आसपास. किनाऱ्यावरचं पान मात्र आजचं आहे."

"म्हणजे यंत्र ठीक आहे."

"यंत्र ठीक आहे, सर."

बोरकुट्यांनी पुडा टेबलावर ठेवला. "पक्ष्यांच्या शिटेनं पानाचं वय नाही वाढत ना, बाप्पा."

"नाही वाढत," केतकी म्हणाली.

हवेतल्या कार्बनचा अगदी किंचित भाग किरणोत्सारी असतो. जिवंत झाड हवा घेतं तेव्हा तो भागही पानात येतो. झाड मेलं की नवी भर थांबते आणि जुना साठा ठरलेल्या गतीने झिजत जातो. जुन्या लाकडाचं वय असंच काढतात. पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या वायूत मात्र हा भाग औषधालाही नसतो; तो केव्हाच झिजून संपलेला असतो. असा वायू एखाद्या झाडाच्या वाट्याला आला, की त्याच्या पानात किरणोत्सारी कार्बन कमी भरतो आणि यंत्र इमानेइतबारे सांगतं की हे पान हजार वर्षांपूर्वीचं आहे. पाच नंबरच्या ढोलीखालचं पान कोवळंच होतं. त्यातल्या कार्बनचा सातवा हिस्सा जमिनीखालून आलेला होता.

आता शिटेची हकीकत.

ज्वालामुखी जागा होऊ लागतो तेव्हा खालून वर सरकणाऱ्या शिलारसातून सगळ्यांत आधी कार्बन डायऑक्साइड निसटतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण सैल केलं की बुडबुडे सुटतात, तसा. गंधकाचा वायू, म्हणजे सल्फर डायऑक्साइड, मागून येतो, शिलारस बराच वर आल्यावर. उपग्रहाला हा गंधकाचा वायू सहज दिसतो, कारण एरवी समुद्रावरच्या हवेत तो जवळपास नसतोच. पण तो दिसेपर्यंत पळायला फार थोडा वेळ उरलेला असतो. कार्बन डायऑक्साइड लवकर येतो, पण हवेत तो आधीच सगळीकडे भरलेला. विहिरीत तांब्याभर पाणी ओतलं, तर काठावरच्या माणसाला काय कळणार?

झाडांना कळतं. भोवती हा वायू थोडा जास्त झाला की झाडं पोसतात, पानं दाट आणि गडद होतात. ऊन पचवताना पानं डोळ्यांना न दिसणारा अंधुक लाल उजेड बाहेर टाकतात. दोन वर्षांपूर्वी सोडलेला 'पर्णिका' उपग्रह तो उजेड मोजायचा. ज्वालामुखीच्या उतारावरचं रान कारण नसताना तरारलं, की नागपुरात पिवळा इशारा लागायचा. अडचण एकच होती. रान हजार कारणांनी तरारतं. म्हणून नियम केला होता : झाडं, जमिनीवरचा नमुना आणि गंधक या तिघांपैकी दोघांची साक्ष जुळली, तरच नारिंगी इशारा. नारिंगी म्हणजे माणसं हलवा.

नारकोंडम म्हणजे उत्तर अंदमानपासून पूर्वेला सव्वाशे किलोमीटरवर समुद्रातून वर आलेला एक हिरवा सुळका. निजलेला ज्वालामुखी, माणसाच्या आठवणीत तो कधी जागा झालेला नाही. किनाऱ्यावर एक पोलीस चौकी, तिथे एकोणीस माणसं. रानात हजारभर धनेश पक्षी. ही जात जगात दुसरीकडे कुठेच नाही. आणि गेल्या नोव्हेंबरपासून शुभदा रेडीज, वय बासष्ट, देवरूखच्या कॉलेजातून निवृत्त झालेल्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापिका, केतकीची आई.

शुभदाबाईंना हे बेट तिशीतच मिळायचं होतं. संशोधनाची परवानगी आली, जहाजाची तारीख ठरली आणि त्याच महिन्यात सासूबाईंना अर्धांगवायू झाला. केतकी तेव्हा चार वर्षांची होती. सासूबाई बारा वर्षं अंथरुणाला होत्या; पुढे नवऱ्याचं दुखणं निघालं. आईने या बेटाबद्दल घरात कधी चकार शब्द काढला नाही. फक्त तिची एक दुर्बीण होती आणि भिंगांना बुरशी येऊ नये म्हणून दर पावसाळ्यात ती तांदळाच्या डब्यात पुरलेली असायची. लहानपणी भात करायला तांदूळ काढताना केतकीच्या हाताला ती लागायची.

जानेवारीत 'पर्णिका'ला नारकोंडमच्या उत्तर उतारावरच्या घळीत गडद हिरवे नऊ डाग दिसले. पिवळा इशारा लागला. बेटावर पानं गोळा करू शकेल असं माणूस एकच होतं. शुभदाबाईंनी पानं खुडून पाठवली, आणि सोबत आपलं म्हणणंही.

धनेशाची मादी विणीच्या वेळी झाडाच्या ढोलीत शिरते आणि शीट, चिखल, फळांचा चोथा यांनी आतून दार लिंपून घेते. चोच बाहेर येईल एवढी फट ठेवते. आत गेल्यावर ती पंखांची पिसंही गाळते. पिलं मोठी होईपर्यंत तिला उडता येत नाही. नर दिवसभर नांद्रुकीची फळं गळ्यात भरून आणतो आणि एकेक करून तिला भरवतो. घाण ती फटीतून नेम धरून बाहेर टाकते. त्यामुळे ढोलीच्या झाडाखाली खताचा ढीग साचतो.

'यंदा घळीत ढोल्या दोनाच्या नऊ झाल्या आहेत,' शुभदाबाईंनी कळवलं होतं. 'तुमचे डागही नऊ. माझ्या मुलीला सांगा, पृथ्वीच्या पोटात डोकावण्याआधी पक्ष्याच्या पोटात डोकावावं.'

कक्षात हशा पिकला. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले. नऊपैकी आठ डाग ढोल्यांवर बसले. पिवळा इशारा उतरला. तसं टिपण केतकीनेच लिहिलं. आईचं म्हणणं पटलं म्हणून, आणि ते पटावं असं मनातून वाटत होतं म्हणूनही. पानांचे नमुने तोवर जहाजावर चढले होते. ते रीत म्हणून प्रयोगशाळेत गेले, आणि मग कोणी त्यांची वाट पाहिली नाही.

"आपण गोष्ट उलटी वाचली, सर," केतकी आता म्हणाली. "ढोल्या दोनाच्या नऊ का झाल्या, हे कोणी विचारलंच नाही."

"का झाल्या?"

"फळं उदंड आली म्हणून. फळं आली, कारण झाडं पोसली. पक्ष्यांमुळे रान हिरवं नाही झालं. रान हिरवं झालं म्हणून पक्षी आले."

बोरकुटे खुर्ची ओढून बसले. "आणि रान त्या घळीतच हिरवं झालं."

"घळ म्हणजे जुनी भेग असणार. तिथूनच वायू वर येतोय."

बोरकुट्यांनी नारिंगी इशाऱ्याचा मसुदा पडद्यावर आणला. केतकीने फोन हातात घेतला होता.

"आईला लावून राहिली?"

"एकच मिनिट, सर."

"आधी सही कर. आईशी बोलून सही केली, तर लोक म्हणतील पोरीनं आईसाठी जहाज मागवलं. सही करून बोललीस, तर ते नुसतं कळवणं होते." ते जरा थांबले. "नाहीतर मी करून देतो. माझंही नाव चालते इथे."

"नको. मीच करते."

तिने सही केली. अंदमानचं प्रशासन, तटरक्षक दल, बेटावरची चौकी, सगळीकडे इशारा एकाच क्षणी गेला. मग तिने फोन लावला.

"केतू, थांब हं जरा," पलीकडून आई कुजबुजली. "पाचाचे भावोजी आत्ता आलेत."

पाच नंबरच्या ढोलीतली मादी ही शुभदाबाईंच्या मते त्यांची धाकटी बहीण होती. त्या नात्याने नर भावोजी झाला होता.

"अकरा... बारा... तेरा फळं. बाई खातेय बघ कशी, जशी काही माहेरपणाला आलीये. हं, बोल आता."

"आई, पानाचा निकाल आला."

"पास का?"

"अकराशे ऐंशी वर्षं."



"किनाऱ्यावरचं?" आईने विचारलं.

"आजचं."

"हं." आई सावकाश बोलू लागली, वर्गात फळ्याकडे तोंड करून बोलायची तशी. "शीट याच रानातल्या फळांची. कार्बन यंदाचाच. तिने वय बदलायचं नाही. म्हणजे मी शेपूट धरून तोंड समजत बसले."

"आपण दोघीही."

"अगं, गेल्या आठवड्यात घळीतल्या खालच्या खळग्यात उंदीर मरून पडले होते. सहा-सात. मी म्हटलं, बरं झालं, अंडी खाणारे तेवढे कमी झाले."

केतकी उभी राहिली. "आई, तो वायू हवेपेक्षा जड असतो. वारा पडला की खळग्यात साचतो. वास नाही, रंग नाही. घळीत उतरू नकोस. आज नाही, कधीच नाही."

"ढोल्या साठ फुटांवर आहेत. त्यांना काही व्हायचं नाही."

"मी तुझ्याबद्दल बोलतेय!"

"कळलं गं. ओरडू नकोस, भावोजी बुजतील."

"उद्या जहाज येतंय. सगळ्यांना काढणार आहेत."

"सगळ्यांना म्हणजे?"

"एकोणीस पोलीस आणि तू."

"आणि या नऊजणी?"

 केतकीने विचारलं, "ढोलीचं दार आपण फोडलं तर?"

"पिसं कुठायत तिला? दार उघडून करेल काय ती? खाली पडेल." आईचा आवाज हळू झाला. "पंधरा-वीस दिवस, केतू. फार तर. पिलांची किरकिर ऐकू येते आता. तुझ्याकडे किती दिवस आहेत?"

"माझ्याकडे दिवस नाहीत गं. चार दिवस असतील, चार महिने असतील. काहीच होणार नाही असंही असेल. खाली काहीतरी हललंय, एवढंच झाडं सांगतात."

"म्हणजे कदाचित उगाचच उतरायचं."

"कदाचित."

आई हसली. "तीस वर्षं मी ढोलीतच होते की. आत्ता कुठे पिसं फुटली होती."

"आणि बाबा फळं आणायचे."

"आणायचे. मोजून दोन. त्यातलं एक वाटेत स्वतःच खायचे."

फोन ठेवल्यावर केतकीच्या लक्षात आलं, की आईने 'येते' असं काही म्हटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी जहाज बेटापासून थोड्या अंतरावर नांगरून उभं राहिलं. नारकोंडमला धक्का नाही. लहान होडीतून फेऱ्या मारून माणसं न्यावी लागतात. दीडच्या सुमाराला चौकीचा हवालदार टोप्पो याचा फोन आला. तो अंदमानात वाढलेला, मूळचा रांचीकडचा.

"मॅडम, माँजी ऊपर गई हैं। बोलीं, कॅमेरे की बॅटरी बदलकर आती हूँ। दो घंटा हो गया।"

"बिनतारी संच आहे का त्यांच्याकडे?"

"है। हमसे बात करती हैं, मगर उतरती नहीं।"

"जोडून द्या मला. आणि तुमची माणसं?"

"सब रेत पर बैठे हैं। जहाज वाले बुला रहे हैं। पर हम माँजी को छोड़के नहीं जाएँगे।"

जोडणी व्हायला वेळ लागत होता. बोरकुटे समोर येऊन बसले. भिंतीवरच्या पडद्यावर सकाळच्या फेरीचा गंधकाचा नकाशा होता. निळा समुद्र, मधे ठिपक्याएवढं बेट, आणि बाकी काही नाही.

"सल्फर दिसला म्हणून सांगून दे," बोरकुटे हळूच म्हणाले. "धावत येते खाली. उद्या सांग, आकडा दुरुस्त झाला. आई आहे, समजून घेते."

 हा विचार केतकीच्या मनात त्यांच्याही आधी येऊन गेला होता.

खरखर झाली आणि आईचा आवाज आला.

"केतू? मी धारेवर आहे, घळीत नाही. तुझं ऐकलंय मी. कॅमेरा पाचाच्या समोरच्या झाडाला आहे ना, तिथे बसलेय."

"आई, खाली ये."

"येते. एक विचारू? गंधक दिसला का?"

बोरकुट्यांनी मान हलवली : हो म्हण. केतकी पडद्याकडे बघत राहिली. तिला नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर, आणि आई दोन तासांत होडीत असती.

"नाही," ती म्हणाली. "अजून नाही दिसला."

खरखर. मग आई म्हणाली, "हो म्हणाली असतीस, तर निघाले असते ना मी लगेच."

"माहितीये."

"मग?"

"मग पुढच्या वेळी मी काहीही सांगितलं, की आधी तुझ्या मनात शंका आली असती. टोप्पोच्याही. आणि मला पुन्हा सांगावं लागणार आहे, आई. या बेटासाठी नाही, तर दुसऱ्या कुठल्या तरी. तिथे लाखभर माणसं असतील." तिने पडद्यावरच्या ठिपक्याएवढ्या बेटावर बोट ठेवलं. "गंधक दिसल्यावर कोणीही सांगेल. त्याच्या आधी सांगता यावं म्हणून तर मी इथे बसते."

पलीकडे काही वेळ नुसता वारा होता. वारा आहे, हे ऐकून केतकीला बरं वाटलं.

"वारा आहे इकडे," आईही म्हणाली, जणू तिला ते दिसलं.

"टोप्पो तुझ्याशिवाय होडी सोडणार नाही म्हणतोय. एकोणीसजण वाळूत बसून आहेत."

"जेवले का ते?"

"मला काय माहीत!"

"नसतीलच. भांडी सकाळीच बांधून ठेवली गाढवांनी." मग पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला. "येते मी. धारेवरूनच येते, लांब पडेल. थांबायला सांग त्यांना. आणि हे बघ, कॅमेऱ्याला नवी बॅटरी घातलीये, महिनाभर चालेल. उपग्रह डोक्यावरून गेला की एक चित्र पाठवतो तो. मी बोटीत असेन तोवर तू बघ. भावोजी येतात का, एवढंच बघ."

संध्याकाळी टोप्पोचा निरोप आला : 'माँजी जहाज में। उल्टी कर रही हैं। बाकी ठीक।'

केतकीने तो बोरकुट्यांना वाचून दाखवला. ते चष्मा पुसत होते, आणि बराच वेळ पुसत राहिले.

शुभदाबाई डिगलीपूरहून पोर्ट ब्लेअरला आणि तिथून विमानाने नागपूरला आल्या. लेकीच्या घरी त्या आजवर दोन रात्रींच्या वर कधी राहिल्या नव्हत्या. पारा चव्वेचाळिसाला टेकला होता.

"माणसं राहतात इथे?" त्यांनी दारातच विचारलं. "तो ज्वालामुखी परवडला."

त्यांनी कूलरच्या वाळ्याच्या ताट्यांवर आणखी पाणी मारलं, कैऱ्या उकडून पन्हं केलं, लेकीच्या स्वयंपाकघरातले सगळे डबे पुसले. पण दिवसातून चार वेळा, उपग्रहाच्या फेरीच्या आधी, हातातलं काम टाकून त्या पडद्यासमोर येऊन बसायच्या. कक्षाने ती चित्रं घरी बघायची परवानगी दिली होती. चित्र यायचं. कधी नुसती लिंपलेली ढोली आणि फटीतून बाहेर आलेलं चोचीचं टोक. कधी भावोजी, तांबूस मानेचे, फांदीवर तिरके बसलेले. मग दोघी एकदमच श्वास सोडायच्या.

तिसऱ्या दिवशी तांदूळ काढताना केतकीच्या हाताला काहीतरी टणक लागलं. तिने दुर्बीण बाहेर काढली.

"नागपुरात एप्रिलमध्ये कसली बुरशी, आई?"

"सवय गं," आई पाठमोरीच म्हणाली.

केतकीने भिंगांवरची तांदळाची भुकटी फुंकली आणि दुर्बीण खिडकीत, संगणकाच्या पडद्याच्या शेजारी ठेवली. आईने ती तिथून हलवली नाही.

एक आठवडा काहीच घडलं नाही. टोप्पो आणि त्याची माणसं डिगलीपूरला एका शाळेत मुक्कामाला होती. एका वर्तमानपत्राने विचारलं, की वैज्ञानिक महिलेने आपल्या आईला आणण्यासाठी सरकारी जहाज वापरलं हे खरं का. बोरकुट्यांनी त्याला पानांचे पाचही आकडे पाठवले आणि खाली लिहिलं, की यातलं एकही पान नातेवाईक नाही.

"उगाचच उतरवलं का गं मी तुला?" त्या दिवशी केतकीने जेवताना विचारलं.

"पोळी घे," आई म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "उगाच असेल तर देवाला नारळ फोडीन. देवावर माझा विश्वास नाही, तरी फोडीन."

बारा तारखेच्या सकाळच्या फेरीत नारकोंडमच्या उत्तरेला गंधकाचा पहिला फिकट पट्टा दिसला. तिघांचीही साक्ष जुळली. इशारा लाल झाला. जहाजांना बेटापासून दूर राहायला सांगण्यात आलं.

केतकी घरी आली तेव्हा आईला कळलेलं होतं. ती पडद्यासमोरच बसली होती.

"म्हणजे तुझं बरोबर होतं," आई म्हणाली.

"मला बरोबर ठरायचं नव्हतं, आई."

आईने तिला शेजारी बसवून घेतलं. तिच्या केसांतून हात फिरवताना आईची नजर पडद्यावरच होती, आणि केतकीचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं.

"ते नर उडू शकतात ना गं," केतकीने विचारलं. "त्यांना कोणी बांधून ठेवलेलं नाही. सव्वाशे किलोमीटर जातील ते?"

"कोणी गेलेलं पाहिलं नाही. पण जाऊ शकत असतील कदाचित."

"मग जात का नाहीत?"

"ती आत आहे ना," आई म्हणाली.

एकोणीस एप्रिलच्या दुपारपर्यंत हाती आलेली माहिती एवढी आहे. नारकोंडमवर लाल इशारा कायम आहे. गंधकाचा वायू सलग पाच दिवस वाढला आणि काल किंचित घटला. घट कशामुळे, हे नागपुरात कोणी सांगू शकत नाही. ती भेग मोकळी झाली म्हणून असेल, किंवा बुजली म्हणूनही असेल. 'पर्णिका'च्या नकाशात घळीतली हिरवाई अजून वाढतेच आहे.

सकाळी अकराच्या चित्रात नांद्रुकीच्या पानांवर राखाडी थर आहे. धूळ की राख, ते चित्रावरून कळत नाही. ढोली क्रमांक पाचचं लिंपण खालून निम्मं पडलं आहे; ते आतून टोचून पाडलेलं आहे. उघड्या भागातून एक काळी मान बाहेर आली आहे. म्हणजे मादीला नवी पिसं फुटली आहेत आणि ती निघायच्या बेतात आहे, असं शुभदाबाईंचं मत आहे. मानेखाली आणखी एक लहान चोच दिसते. भावोजी समोरच्या फांदीवर आहेत. गळा फुगलेला आहे.

शुभदाबाईंनी कूलर बंद केला आहे. त्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही, असं त्या म्हणतात. चित्राला आवाज नसतो, हे त्यांनाही माहीत आहे. केतकीने घाम पुसत खुर्ची जवळ ओढली आहे.

पुढची फेरी पावणेपाचला आहे.